पट्टीची मागची बाजू

धाकट्याचा फायदा उघडच होता. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. तिथं आप्पांची, म्हणजे वडिलांची, गाडी झळकली की त्याच्या शोरूमचे मोठे साहेब ती पाहणार, साहेब खूश झाले की बढती, आणि परत येताना आप्पा स्वतःच्या हातानं गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवणार, हे तर त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीरच करून टाकलेलं! एका रविवारात एवढं पदरात पडणार असेल, तर माणूस कुणाचीही मनधरणी करतो. धाकटा आपल्या वहिनीची करत होता, इतकंच.

"वहिनी, चार गॅरेजवाल्यांनी हात वर केले गं! म्हणतात, पट्ट्या बदला. या गाडीच्या पट्ट्या आता मिळतात कुठं? हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

थोरली सून नुकतीच कामावरून आली होती. हातातल्या डब्याचं झाकण तिनं जरा जास्तच जोरात दाबलं.

गाडीच्या खिडक्यांखालून, दोन्ही अंगांनी, दोन बोटं रुंदीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. एके काळी त्यांत बघून सासूबाई केस सारखे करायच्या म्हणे. आता त्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारख्या पांढुरक्या, आंधळ्या! आणि हे पाप कुणाचं? थोरलीचं. लग्नाला दोन महिने झाले असताना हिनं शेगडी साफ करायचं जळजळीत औषध फडक्यावर घेतलं आणि गाडी पुसली... अख्ख्या घराला ही कथा तोंडपाठ होती. सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आप्पा एकच वाक्य बोलले होते, "हिचा हात पुन्हा माझ्या गाडीला लागता कामा नये."

आणि नाही लागला! अकरा वर्षं! गाडीत बसायचं तर दार दुसऱ्यानं उघडायचं, उतरल्यावर दुसऱ्यानंच लावायचं. थोरली आपली दोन्ही हातांत पर्स घट्ट धरून बाजूला उभी. समोरच्या गॅलरीतल्या बायका म्हणत, "काय राणीसारखं ठेवलंय सुनेला! दारसुद्धा उघडून देतात हो!" जळलं ते राणीपद! त्या प्रत्येक उघडल्या दारागणिक तिच्या अंतःकरणाला केवढा चटका बसत होता, हे गॅलरीतून कसं दिसणार?

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि धाकट्याला. थोरला, म्हणजे तिचा नवरा, जहाजाच्या इंजिनावर. वर्षातले दहा महिने पाण्यात आणि उरलेले दोन झोपेत. त्या दुपारी धाकट्यानं शेगडीच्या औषधाची तिची बाटली परस्पर नेली, आणि तासाभरानं तिच्यासमोर रडत उभा राहिला. "वहिनी, आप्पांनी बजावलंय, गाडीला आता काही झालं तर घराबाहेर काढीन... दोनदा ठोकलीय मी आधीच! तू नवीन आहेस, तुला माफ करतील. तुझं नाव सांगू?" आणि ती हो म्हणाली! घर हे आपलंच, आणि हा पोरकट दीरही आपलाच, या भोळ्या समजुतीनं. माफी काही आली नाही. पुढं पुढं तर धाकटाच पाहुण्यांना ती कथा सांगू लागला, तीही रंगवून. सांगता सांगता त्याला ती खरी वाटू लागली असावी.

म्हणूनच तर आज तो इतक्या निर्लज्जपणे गोड बोलत होता!

थोरली ढाली-करंडकांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायची. इतरांच्या विजयाला चकाकी आणायची, आणि घरी येऊन अपराधी म्हणून जेवायची. पण धातू तिला माणसांपेक्षा जास्त कळत होता.

"करते," ती म्हणाली. "पण नुसतं घासून जमायचं नाही. अॅल्युमिनियमवर कारखान्यात एक कडक थर देतात, तोच जळलाय. तो आधी उतरवावा लागेल. शेगडीच्याच औषधानं."

खुर्चीतले आप्पा ताडकन उठले. "पुन्हा तेच विष? तिला सांग, एकदा केलंन तेवढं पुरे झालं!"

समोर उभ्या असलेल्या बाईला 'तिला सांग'!  पण थोरलीचा आवाज सरळ राहिला. "त्याच औषधानं बिघडलं, आप्पा, आणि त्याशिवाय निघणार नाही. मोजून दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. रंगावर आणि रबरावर थेंबही पडता कामा नये. म्हणून पट्ट्या गाडीवरून काढाव्या लागतील."

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. आप्पा हत्यारं आणायला आत गेले, तसा तो तिच्या कानाशी आला. "वहिनी, जागेवरच कर ना गं... वरच्यावर! कोण बघायला येतंय? काढू नकोस. तुझ्या पाया पडतो."

अकरा वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी तिच्या आत उसळून आलं. "भावजी, तुमच्यासाठी एकदा खोटं बोलले. आता खोटं कामही करू? ते नाही जमायचं मला!"

पट्ट्या आप्पांनीच काढल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर ना! पातळ पातं आत सरकवून एकेक क्लिप हलकेच उचलत त्यांनी पहिली पट्टी सोडवली, अंगणातल्या बाकावर ठेवायला ती उलटी केली, आणि तसेच थांबले.

मागची बाजू. तीही पांढुरकी. तितकीच खाल्लेली, कडेपासून कडेपर्यंत.

त्यांनी दुसरी सोडवली. तिसरी. सगळ्या पाठी जळलेल्या!

"पुसलेलं औषध मागे कसं जाईल?" ते स्वतःशीच पुटपुटले. "हे फडक्याचं काम नाही. या काढून... टबात बुडवल्यात कुणीतरी." मग फार सावकाश त्यांनी मान वर केली. "या क्लिपा कशा सोडवायच्या, ते मी दोघा मुलांनाच शिकवलं होतं. थोरला तेव्हा जहाजावर होता."

धाकटा खाली बघत राहिला.  आप्पा वळले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले, "अगं... तू का नाही सांगितलंस?"

झालं! म्हणजे चूक पुन्हा तिचीच!

"तुम्ही विचारलंत कधी?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण त्या आसवांत दीनपणा नव्हता, संताप होता. "बाटली माझ्या ओट्यावरची, एवढ्यावर तुम्ही निकाल दिलात! दर रविवारी या पट्ट्या पुढून घासत बसलात, आप्पा. एक पट्टी उलटून बघितली असतीत! अकरा वर्षं माझ्यासाठी दार उघडलंत... त्यापेक्षा चार थोबाडीत मारल्या असत्यात तर बरं झालं असतं!"

"वहिनी!" धाकट्यानं हुंदका दिला. "मीच... आप्पा, मीच! छान चकाकतील म्हणून टबात टाकल्या आणि मित्राशी बोलत बसलो. मी जातो घरातून. आत्ता जातो."

"कुठं निघालात?" थोरलीनं नाक पुसलं आणि हातमोजे चढवले. "घासणार कोण? चारशे नंबरचा पॉलिश पेपर घ्या, पाणी घ्या, आणि बसा. चारशे झाला की आठशे, मग पंधराशे, मग दोन हजार. एकही ओरखडा दिसला तर पुन्हा पहिल्यापासून!"

थोरलीनं औषधानं जळका थर उतरवला. मग तीन दिवस धाकटा बाकावर वाकून घासत होता, आणि आप्पा पाणी सोडत होते. शेवटी कारखान्यातल्या पॉलिशच्या कापडी चाकावर थोरलीनं पट्ट्या फिरवल्या, आणि त्यांत आभाळ दिसू लागलं. आप्पा त्यांत बराच वेळ बघत राहिले. त्यांना काय दिसलं, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "पोरी, मी आंधळा होतो गं..."

रविवारी सगळे निघाले. सवयीनं धाकटा तिचं दार उघडायला पुढं झाला. आप्पांनी त्याचा हात धरून मागे ओढला आणि वाट बघत उभे राहिले.

दार थोरलीनं उघडलं.

आता कुणी काय किंमत भरली, ते बघायचं. धाकट्यानं भरली दहा बोटांची सालं आणि किल्ली. ती आप्पांच्याच खिशात राहिली, साहेबांनी कितीही पाठ थोपटली तरी. आप्पांना जन्माचं काम लागलं: कारखान्याचा थर एकदा उतरला तो उतरलाच, तेव्हा दर दोन महिन्यांनी त्या पट्ट्यांना मेण लावत बसायचं, पुढून आणि मागूनही. बाकी सगळं थोरलीनं आधीच भरलं होतं, अकरा वर्षं, रोज थोडं थोडं. आणि त्यातलं परत मिळालं ते एवढंच, गाडीच्या दाराची मूठ, उन्हानं तापलेली.