किलो झुलूला परवानगी देऊ नका

हे माझ्याच बाबतीत घडलंय. मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही, ऐकीव नाही. पटत नसेल तर पुढच्या पोस्टवर जा. भांडायला माझ्याकडे वेळ नाही.

मी शुभांगी. मखमलाबादची. घरचा धंदा झेंडूचा आणि मेथी-कोथिंबिरीचा. मी विमान चालवायला शिकतेय म्हटल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी हवेत आहे.

होतेच की!

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. नाशिकबाहेरचं एक छोटं फ्लाइंग स्कूल. नाव सांगणार नाही, तिथे अजून मुलं शिकतात. संध्याकाळ व्हायला आली होती, पण ऊन चांगलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटी उडणार होते.

आमचे जयराम सर रेडिओच्या बाबतीत फार कडक. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. टॉवर जे सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि शेवटी आपल्या विमानाचं नाव. माझ्या विमानाचं नाव किलो झुलू. आपण परत म्हटलं की टॉवर निर्धास्त होतो.

"आणि हाक आली की लगेच उत्तर," सर म्हणायचे. "विचार करत बसायचं नाही."

"आणि सर, रेडिओच बंद पडला तर?"

"तर टॉवरकडे बघायचं. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते दिवा दाखवतात. हिरवा असेल तर उतर, लाल असेल तर फिरत राहा."

उड्डाण छान झालं. खाली द्राक्षबागा, लांब त्र्यंबकचे डोंगर, शेजारची सीट रिकामी. आनंदाने रडू येत होतं मला, खरंच. उतरण्यासाठी धावपट्टीला वळसा घालत होते.

तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं…

"शुभांगी."

रेडिओवर कुणी माणसाचं नाव घेत नाही.

कधीच नाही.

टॉवरमध्ये छाया मॅडम होत्या. हा आवाज त्यांचा नव्हता. बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना. पण सवय वाईट. अंगठा आपोआप बटणावर गेला आणि मी बोलून बसले, "ओ."

आणि मग…

हेडफोनमधली खरखर थांबली.

मी टॉवरला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. इंजिन घरघरत होतं, बाकी सगळं मुकं.

टॉवरकडे पाहिलं. काचा उन्हात चमकत होत्या.

दिवा नव्हता…

ना हिरवा, ना लाल.

आणखी एक चक्कर मारली. तरीही काही नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं, धावपट्टी वरून मोकळीच वाटली. मी उतरायला घेतलं.

अगदी खाली आल्यावर दिसलं. धावपट्टीवर मधोमध बंद पडलेला ट्रॅक्टर. गवत कापणारे सहादूकाका माझ्याकडे पाठ करून इंजिनात वाकले होते. मागे वळूनही बघत नव्हते.

मी ओरडले. कुणाला ऐकू जाणार? इंजिनाला पूर्ण जोर दिला, विमानाचं नाक वर ओढलं. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं.

ट्रॅक्टर हलवल्यावर मी उतरले. जयराम सर धावत आले ते ओरडतच.

"दोनदा सांगितलं उतरू नको म्हणून! दोनदा हो म्हणालीस!"

"सर, मला काहीच ऐकू आलं नाही. मी टॉवरला हाका मारत होते."

सहादूकाका गवतात बसून होते. "टॉवरनं सांगितलं, पोरगी वरच फिरणार हाय, तुमचं चालू द्या. म्हून म्या मागं बघितलं नाय."

छाया मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं.

"किलो झुलू, गो अराउंड. उतरू नका, धावपट्टीवर ट्रॅक्टर आहे."

लगेच उत्तर…

"गो अराउंड, किलो झुलू."

माझा आवाज. त्या दिवशी मला सर्दी होती. तीसुद्धा होती त्यात.

म्हणून दिवा दाखवला नव्हता. कशाला दाखवतील? त्यांच्या लेखी माझा रेडिओ ठणठणीत होता. मी मारलेल्या हाका मात्र रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हत्या. माझी "ओ" नव्हती. ती "शुभांगी" अशी हाकही नव्हती.

रेडिओ उघडून तपासला. काही सापडलं नाही. सर म्हणाले, कुणीतरी वात्रटपणा केला असेल.

हरसूलची भागुबाई आत्या आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "पहिल्याच हाकेला ओ दिलीस? येडी हाय का तू? आमच्या डोंगरात तिसऱ्या हाकेबिगर कुणी बोलत नाय. आवाज घेऊन जातंय ते."

मी हसले. "आत्या, तीन हाका थांबले तर सर मला घरी बसवतील."

शिकणं मी सोडलं नाही. लायसनसाठी एकटीचे तास भरावेच लागतात. पण पुढचे सगळे दिवस सर शेजारी बसायचे आणि रेडिओवर तेच बोलायचे. मला बटणाची भीती बसली होती.

काल पुन्हा एकटी बसले. विमान हँगरच्या आडोशाला उभं, टॉवरवरून न दिसणारं. इंजिन सुरू केलं. निघायची परवानगी मागायची होती. अंगठा उचलला…

"किलो झुलू, टेक-ऑफची परवानगी आहे," छाया मॅडम म्हणाल्या.

मी अजून बटण दाबलंच नव्हतं.

इंजिन बंद केलं. धावत टॉवरचा जिना चढले. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. नजर वर, आकाशात काहीतरी फिरत असल्यासारखी हळूहळू सरकत होती. मी पाहिलं. आकाश रिकामं.

चाहूल लागून त्या वळल्या. चेहरा पांढराफटक पडला.

"तू… खाली कशी?"

तेवढ्यात स्पीकर खरखरला. माझा आवाज आला. शांत, स्पष्ट. उतरायची परवानगी मागत होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हटलं.

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. स्कूल आजपासून आठवडाभर बंद ठेवलंय.

मघाशी मॅडमचा फोन आला होता. स्कूल बंद असूनही त्या एकट्याच टॉवरमध्ये बसल्या आहेत.

माझा आवाज अजून परवानगी मागतोय. आणि आता तो रडतोय, म्हणाल्या. मॅडमना फार वेळ "नाही" म्हणवणार नाही.