उंद्रीवालीच्या दुरुस्त्या

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. मोताळा. मागच्या वर्षीचा ऑगस्ट, बाजाराचा दिवस.

अविनाशच्या गोष्टीखाली एक कमेंट पडली.

ही घटना खरी आहे. अविनाशच्या गोष्टी ज्या अर्थानं खऱ्या असत, त्या अर्थानं नाही. हिच्यात घुबड नाही, पांढरी साडी नाही. तारखा आहेत आणि स्क्रीनशॉट आहेत.

अविनाशचं मोताळ्यात बियाणं-खताचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरवर बसून मोबाईलवर भयकथा लिहायचा आणि फेसबुकच्या एका पेजवर टाकायचा. प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर एकच ओळ : 'सत्यघटना. नावं बदलली आहेत.' त्यातली एकही सत्य नव्हती. पण ती ओळ नसली की चाळीस लाईक, असली की चारशे. लेखनाबद्दल त्याला एवढंच कळत होतं. त्याहून जास्त काही कळत असल्याचं त्याच्या गोष्टींवरून दिसत नाही.

वाचकही त्याच लायकीचे. 'बापरे.' 'अंगावर काटा आला भाऊ.' 'पुढचा भाग कधी?' गोष्ट संपलेली असो, तिच्यातले सगळे मेलेले असोत, पुढचा भाग कधी. अविनाश प्रत्येकाला जोडलेले हात पाठवायचा. कोणी चूक काढली की आधी त्याला चारचौघांत झापायचा, मग कमेंट उडवायचा.

त्या आठवड्यातली गोष्ट मात्र अर्धी खरी होती.

त्याची बायको पुष्पांजली. तिचं माहेर उंद्री. तिची एक चुलत आत्या, मनकर्णाबाई, एकोणीस वर्षांपूर्वी शेतातल्या विहिरीत गेली. माहेरी हे कोणी बोलत नसे. पुष्पांजलीनं नवऱ्याला एकदाच, तुटक, सांगितलं होतं.

अविनाशनं ते उचललं. मनकर्णाबाईची कौशल्याबाई केली. गावाचं नाव गाळलं. अमावस्येची रात्र घातली, विहिरीच्या काठावर चपला ठेवल्या, बाईचा पाय घसरवला. एका दुपारचं काम.

आणि बाजाराच्या दिवशी ती कमेंट आली.

'रात्र नव्हती. दुपार होती. चपला काठावर नव्हत्या. अनवाणी गेली.'

प्रोफाईलला फोटो नाही. एकही मित्र नाही. आणि नावाच्या जागी फक्त...

'उंद्रीवाली.'

गावाचं नाव अविनाशनं कुठेही लिहिलं नव्हतं.

त्याला भीती वाटली नाही. राग आला. त्यानं उत्तर ठोकलं : 'काकू, एवढं माहीत आहे तर स्वतः लिहा ना. फुकटात वाचायचं आणि वर चुका काढायच्या!'

उत्तराला एकशे दहा लाईक मिळाले. म्हणजे त्याच्या लेखी विषय संपला.

संध्याकाळी त्यानं हे सगळं बायकोला हसत हसत वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"चपलांचं. चपला घरीच होत्या तिच्या, न्हानीपाशी. माह्या मायनं पाह्यल्या होत्या. बाहेर कोनालेच माहीत नाही ते."

"असंल तुह्या माहेरचं कोनी. पोटात दुखून राह्यलं असंल त्याच्या."

"काढून टाका ते."

"चारशे साठ लाईक हायेत, पुष्पा."

तव्यावरची भाकरी करपली.

दोन दिवसांत वाचकांनी आपली मागणी नोंदवली. 'भाऊ, बाईला लहान मूल पाहिजे होतं. जास्त रडू आलं असतं.' 'हो ना, मुलगी पाहिजे.' 'मुलगी कडेवर घेऊन उडी मारली असती तर एक नंबर.' साठेक माणसांनी असं लिहिलं. जेवणात मीठ कमी पडावं तसं त्यांना एक लेकरू कमी पडलं होतं.

अविनाशनं 'सुधारित आवृत्ती' टाकली. कौशल्याबाईच्या कडेवर मुलगी दिली. मुलीला नाव हवं होतं. त्याची स्वतःची मुलगी, सहा वर्षांची, तेव्हा दुकानात बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर चित्र काढत बसली होती.

त्यानं तिचंच नाव लिहिलं. राखी.

दुसरं नाव सुचायला दहा सेकंद लागले असते. तेवढेही त्यानं घालवले नाहीत.

गोष्ट दोन हजारांच्या वर गेली. दुसऱ्या दिवशी, दोन चाळीसला...

'मले लेकरू नव्हतं. त्याच्याच पायी त गेली मी. वांझ म्हनत होते.'

सभ्य माणूस इथे थांबला असता. अविनाशनं लिहिलं : 'आता दिलं ना लेकरू, काकू. घ्या. खूश?' पुढे हसणारे चार चेहरे.

साडेतीनशे लोकांना हा विनोद आवडला.

एका मिनिटानं खाली एका शब्दाचा होकार आला.

'हाव.'

त्यानंतर उंद्रीवालीनं बरेच दिवस काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पांजली फणी घेऊन राखीची शाळेची तयारी करायला गेली. राखी अंथरुणात बसलेली होती. तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. घट्ट, सरळ भांग पाडून, टोकाला काळा दोरा बांधून.

पुष्पांजली तिची एकच वेणी घालायची. रबर लावून.

तिनं वेणीला हात लावला...

केस मुळापासून ओले होते. वास नळाच्या पाण्याचा नव्हता. शेवाळाचा होता.

"कोनं घातली गं वेणी?"

"आईनं."

"म्या कधी घातली?"

राखीनं तिच्याकडे पाहिलं. शांतपणे.

"तू नाही."

असं नऊ दिवस चाललं. रोज सकाळी दोन वेण्या, ओल्या. पुष्पांजली राखीच्या उशाशी जागी बसून राहिली, तरी पहाटे तिचा डोळा लागायचा आणि वेण्या झालेल्या असायच्या. त्यांच्या घरात विहीर नाही, गल्लीतही नाही. तरी दुपारी अडीचनंतर मागच्या खोलीतून आवाज यायचा...

कप्पीचा. दोर खाली सुटत गेल्यासारखा.

बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज मात्र कधीच यायचा नाही.

दहाव्या दिवशी पुष्पांजलीच्या एक गोष्ट लक्षात आली. राखी जेवत होती, खेळत होती, विचारलं तर बोलत होती. पण तिनं कितीतरी दिवसांत पुष्पांजलीला 'आई' अशी हाक मारली नव्हती.

तेव्हा अविनाशनं गोष्ट काढून टाकली.

उशीर झाला होता. या धंद्याची एक रीत आहे. दुसऱ्याची गोष्ट उचलायची, लेखकाचं नाव पुसायचं, खाली 'साभार' लिहायचं आणि आपल्या पेजवर टाकायची. अविनाश या रीतीवरून वर्षानुवर्षं भांडला होता. त्याची ती गोष्ट आता सदतीस पेजवर होती. राखीच्या नावासकट.

पहिल्यांदाच त्याला स्वतःचं नाव नको होतं. त्यानं एकेकाला मेसेज केले : मुलीचं नाव तेवढं काढा. काहींनी काढलं. काहींनी वाचून उत्तरच दिलं नाही. सगळ्यात मोठं पेज जळगाव जामोदच्या प्रेम नावाच्या पोराचं होतं, नव्वद हजार वाचकांचं. अविनाश गाडी काढून त्याच्या मोबाईलच्या दुकानात गेला.

"अरे दादा, तुमी! नाव टाकू का तुमचं? साभार लिहिलं हाय मी खाली."

"माहं नाव राहू दे. पोरीचं काढ."

"काऊन?"

अविनाशनं सगळं सांगितलं. वेण्या, पाणी, कप्पी. सांगताना त्याचा आवाज फाटला. प्रेम हातातलं काम टाकून ऐकत राहिला. मग त्यानं काउंटरवर थाप मारली.

"एक नंबर! हेच लिहा ना दादा. हाच पुढचा भाग!"

"अबे, मी खरं सांगून राह्यलो."

"तुमी त सगळंच खरं सांगता, दादा. डोक्यावर लिहिलेलंच असते."

परत आल्यावर अविनाशनं शेवटचा उपाय केला. पेजवर लिहिलं : 'ती गोष्ट खोटी होती. राखी माझी मुलगी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया काढा.'

तीन हजार लाईक. 'काय ट्विस्ट आहे भाऊ!' 'रडवलंत.' 'पुढचा भाग कधी?'

रविवारी सकाळी पुष्पांजलीनं राखीचे केस कापले. वेणी बसणार नाही इतके बारीक. राखी रडली नाही, हलली नाही. फक्त मागच्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिली.

सोमवारी तिला शाळेत पाठवलं नाही. घराबाहेर कोणी तिला पाहिलं नव्हतं.

सोमवारी दोन चाळीसला प्रेमच्या पेजवर, गोष्टीखाली...

'माह्या पोरीचे केस काऊन कापले?'

त्या कमेंटला आजपर्यंत दोनशे चौदा लाईक आहेत.

अविनाश आता लिहीत नाही. सदतीसपैकी एकतीस पेजवरून नाव गेलं आहे. प्रेमनं काढलेलं नाही. त्यानं ती गोष्ट पेजवर सगळ्यात वर ठेवली आहे.

राखीचे केस त्यानंतर तीनदा कापले. मार्चपासून घरात कात्री टिकत नाही. पुष्पांजलीनं चार आणल्या, चारही गेल्या. सलूनमध्ये न्यायला निघालं की राखी घराच्या पायरीवर बसते. मग तिला आईबाप दोघांना मिळूनही उचलता येत नाही. पाण्यानं भरलेल्या पिंपासारखी जड होते.

वेणी बसायला किती उरलं, ते पुष्पांजली रोज सकाळी बोटांनी मोजते.

आज केस कानाखाली तीन बोटं आले आहेत.