पावणं बघायला आलं

तो आमच्या घरात आला तो उताणाच.

खोटं सांगत नाही. सिकंदर नावाचा माणूस पहिल्यांदा माझ्या नजरेस पडला तेव्हा तो न्हाणीपुढच्या दगडावर पाठीवर पडला होता, पटका शिकेकाईच्या पाण्यात भिजत होता आणि एक पायताण माझ्या घंगाळात जाऊन बसलं होतं. श्रावणाची झड चालू होती. त्या दगडावर शेवाळ, त्यात मी नुकतंच चिमणाबाईंना न्हाऊ घातलेलं. दगड निसरडा आहे हे घरातल्या पंधराही जणांना ठाऊक होतं, पण परक्या माणसाला कोण सांगणार? पुढच्या दाराची कडी गंजून बसली होती, म्हणून आम्ही मागच्या दारानंच जायचो-यायचो, आणि परका माणूस आमच्याकडे फिरकायचाच नाही.

उठायच्या आधी त्यानं काय केलं असेल? खिशातून वही काढली आणि पडल्या पडल्याच पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

"लागलं काय?" मी विचारलं.

"नाही... म्हणजे, थोडंसं."

"कुठलं पावणं म्हणायचं?"

"मी—" त्यानं मान वर केली. पावसाचे थेंब पापण्यांवर घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला, आणि बोलायचं काय होतं तेच बहुतेक विसरला. "मी बघायला आलोय."

"काय बघायला?"

"...सगळंच."

आता आमच्या कोल्हापुरात 'बघायला आलोय' ह्याचा अर्थ एकच. कानाशी ढोल वाजवला तरी चिमणाबाईंना ऐकू जायचा नाही, पण एवढे दोन शब्द मात्र बरोबर गेले. ओल्या केसांनिशी त्या उभ्या राहिल्या आणि रंकाळ्यापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी घरभर वर्दी दिली, "मलिकाला बघाय पावणं आलंय."

घर म्हणजे कसं घर, तेही सांगते. राबून थकलेल्या आणि मागं कुणी नसलेल्या माणसांसाठी एका सरदारीणबाईंनी ते बांधलं होतं. तालमीतून बाद झालेले, हत्तीखान्यातून उतरलेले, दुसऱ्यांची पोरं सांभाळता सांभाळता म्हाताऱ्या झालेल्या, असे पंधरा जीव. महाराजांच्या राज्यात शाळा निघत होत्या, बोर्डिंगं निघत होती, जयसिंगपुराची नवी पेठ बसत होती. आमचं घर मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. माझे अब्बा, बाबालाल महात, हत्तीखाना सुटल्यावर इथं राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर मी आले, आणि चार वर्षांत भाकरीपासून औषधापर्यंत सगळं माझ्या गळ्यात पडलं. त्यापायी मी दोन स्थळं नाकारली होती. मी सासरी गेल्यावर ह्यांचं कोण करणार? ह्या गोष्टीचं माझ्यापेक्षा त्या पंधरा जणांनाच जास्त वाईट वाटायचं. त्यामुळं तिसरं स्थळ आपल्या पायांनी चालत आलंय, निदान घसरत तरी आलंय, असं कळल्यावर त्यांनी त्याला सोडायचं नाही असंच ठरवलं.

घोंगडं अंथरलं गेलं. माजी पैलवान गणपतरावांनी गुडघे धरत धरत येऊन त्याचा दंड दाबून बघितला आणि मान हलवली. चिमणाबाईंनी दात बघितले. मग माझे अब्बा पुढं सरसावले आणि त्याच्या पायांशी बसून नखं मोजायला लागले. हत्ती पारखताना आधी नखं बघायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

"नखं झ्याक हायत," अब्बा म्हणाले. "पर कान हालवत न्हाई. तब्येत बघाय पायजे."

निरोगी हत्ती कान स्थिर ठेवत नाही, त्याचं हे. मी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होते. तो बिचारा समजत होता की म्हातारी माणसं आहेत, वयाप्रमाणं वागायचीच. त्यानं पाय मागं घेतला नाही. चिमणाबाईंनी त्याचा हात हातात धरून ठेवला, तर त्यानं डाव्या हातानं लिहायला घेतलं. ते बघितलं आणि माझं हसू तिथंच थांबलं. हा माणूस बरा आहे, असं मला तेव्हाच वाटलं.

"जेवण वेळेवर मिळतं?" त्यानं विचारलं.

"पोरीच्या हाताला चव हाय," गणपतराव म्हणाले.

"मारहाण वगैरे?"

"एकडाव. लाटण्यानं. मी तंबाकू चोरलीती."

"औषध?"

"नाक धरून पाजती की."

पेन्सिल भराभरा चालत होती. "एकटीला पंधरा जणांचं झेपतं?" त्यानं मोठ्यानं विचारलं, आणि चिमणाबाईंचा चेहराच उतरला. "तुमच्या घरात पंधरा मानसं हायत व्हय?" त्या म्हणाल्या.

गूळ-पाणी घेऊन मी बाहेर आले आणि त्याच्या दप्तरावरचा दरबारचा शिक्का मला दिसला. हातातला तांब्या हातातच राहिला. दरबारातून न सांगता कुणीतरी तपासायला येणार, घर धड नसलं तर कुलूप लागणार आणि माणसं आपापल्या गावी धाडणार, अशी कुणकुण होतीच. गणपतरावांच्या गावी, कबनूरला, त्यांच्या नावाची एक भिंतसुद्धा उभी नव्हती.

मी त्याला मागच्या दारी नेलं आणि सगळं सांगितलं. तो जावई व्हायला आलाय असं समजून पंधरा माणसं त्याला पारखत होती, हेही. त्याचे कान लालभडक झाले.

"आणि तुम्ही मला काय समजलात?"

"पडलेलं पावणं."

तो हसला. हसताना एका गालाला खळी पडत होती, आणि हे मला त्या क्षणी मुळीच बघायचं नव्हतं.

"कागदात काय लिवनार?" मी विचारलं.

"जे बघितलं ते."

"मग घर बंद हुतंय आमचं."

त्यानं नुसतं घंगाळातलं पायताण काढून झटकलं, पायात घातलं आणि दगड चुकवून निघून गेला. मला त्याचा असा राग आला की त्या दुपारी भाकऱ्या करपल्या.

आठ दिवसांनी कागद आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचायचं माझ्याकडेच. न्हाणीपुढील दगड अत्यंत धोक्याचा. तपासनिसाने स्वतः पडून खात्री केली आहे. पुढील दाराची कडी बदलावी. औषधाच्या बाटल्यांवर नावे नाहीत. काळजी घेणारे माणूस एकच; दुसरे नेमावे. सहा महिन्यांत हे न झाल्यास घर बंद करावे. पण खाली अजून एक ओळ होती. पंधरापैकी एकानेही स्वतःसाठी काही मागितले नाही. मलिका बाबालाल हिचे पुढे कसे होणार, एवढीच चिंता सर्वांस आहे. सबब तूर्त घर चालू राहावे.

ती ओळ मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मनातल्या मनात.

मग तो महिन्याच्या महिन्याला यायला लागला. पहिल्या खेपेला काथ्याचा दोर आणून त्यानं खाटांपासून न्हाणीपर्यंत भिंतीला बांधला, म्हणजे धरून चालता येईल. दुसऱ्या खेपेला छिन्नी घेऊन बसला आणि तो दगड खडबडीत करून टाकला. कडी बदलली. बाटल्यांवर नावं लिहून काय उपयोग, वाचणार कोण? म्हणून त्यानं चित्रं काढली. गणपतरावांच्या बाटलीवर गदा, चिमणाबाईंच्या बाटलीवर चिमणी, अब्बांच्या बाटलीवर हत्ती.

"म्हस हाय ही," अब्बा म्हणाले.

"सोंड आहे की," तो म्हणाला.

"शेपूट चुकीच्या बाजूला आलंय," मी म्हणाले, आणि तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला की चित्रातल्या म्हशीलाही लाज वाटली असती. त्या महिन्यापासून तो गेला की पुढच्या खेपेपर्यंतचे दिवस मी मोजायला लागले. कबूल करते.

अडलं ते दुसऱ्या माणसापाशी. आकाराम नावाचा एक जण आला. गणपतरावांनी त्याला पहाटे पन्नास जोर काढायला लावले, तो तिसऱ्या दिवशी पळाला. एक बाई आली, तिला चिमणाबाईंनी रोज नव्यानं विचारलं की तू कोण. तीही गेली. मुदत संपायला एक दिवस उरला. पौष होता, गुऱ्हाळांचा गोड वास गावापर्यंत येत होता, आणि दुसरं माणूस काही मिळालं नव्हतं.

त्या दुपारी तो आला. नव्या कडीच्या पुढच्या दारानं नव्हे, मागच्याच. हातात वही नव्हती.

"आज शेवटचं बघायला आलोय," तो म्हणाला. "उद्यापासून नवा तपासनीस. मी नोकरी सोडली."

"आनि आमचं दुसरं मानूस?"

"एक अर्ज आलाय..." त्यानं घडी घातलेला कागद पुढं केला.

अक्षर ओळखीचं होतं. अर्जदार, सिकंदर हुसेन जमादार. अनुभव: न्हाणीपुढील दगडावर एकदा पडला आहे. चित्रकला बेताची. कोणासही नाक धरून औषध पाजू शकेल, शिकवल्यास.

"सरकारी नोकरी सोडून हितं?"

"सगळीकडं फिरून नुसत्या चुका लिहायच्या, कंटाळा आला. इथं लिहिलेलं दुरुस्त करायला मिळालं."

"ऱ्हानार कुटं?"

"पुढच्या खोलीत."

"लोक काय म्हनतील?"

"त्यासाठीच म्हणतो—" तो थांबला. दोराचं टोक उगाचच गुंडाळलं, पुन्हा सोडलं. "तुमची हरकत नसेल तर... निकाह करून राहीन. तुम्हाला घर सोडायला नको. मला आवडता तुम्ही. पहिल्या दिवसापासून, पडलो तेव्हापासून."

"घरजावई हुनार?"

"सासू-सासरे मिळून पंधरा," तो म्हणाला. "एवढे दुसऱ्या कुणाला मिळतात?"

माझं उत्तर त्यानं तो दोर बांधला त्याच दिवशी ठरलं होतं. पण इतक्या सहज कसं सांगायचं? आमच्या घराची म्हणून काही रीत आहे.

"पायतान काढा," मी म्हणाले.

तो आधी गोंधळला, मग कळलं. मुकाट्यानं त्याच दगडावर बसला, पायताणं बाजूला ठेवली आणि पाय पुढं केले. मी नखं मोजली. एकदा मोजली, मग सावकाश पुन्हा मोजली. पंधरा माणसं दाराआड श्वास धरून उभी असली की घर किती शांत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"कान हालत्यात काय बघ," आतून अब्बांचा आवाज आला.

मी बघितलं.

"हालत न्हाईत, अब्बा. पर लाल झाल्यात."

आत थोडी कुजबुज झाली.

"मग ठेवून घे," अब्बा म्हणाले.