समन्स दारावर डकवले

वकीलबाई, वीज येईपर्यंत कंदील तसाच राहू द्या. लिहायला तेवढा उजेड पुरेल. बाहेरच्या पाटीवर वाचलं की तुमच्या केंद्रात कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. मला सल्ला नको आहे. मला एक जबाब द्यायचाय, आणि तो लिहून घ्यायला कोणीच तयार होत नाही.

मी इथल्या दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. सव्वीस वर्षं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज दहा वेळा चढायचो, त्यावरून काय ते ओळखा. दाव्याचं समन्स घेऊन माणसाच्या घरी जायचं, त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. माणूस घेत नसेल तर दोन पंचांसमोर ते दारावर डकवायचं आणि तसा अहवाल कोर्टाला द्यायचा. तो अहवाल मान्य झाला की माणसाला कळलं असं धरतात. मग तो आला नाही तर निकाल एकतर्फी.

त्या दिवशी माझ्याकडे एकच समन्स होतं. वस्ती संपते, रोपवाटिकांची शेतं सुरू होतात, त्याच्याही पलीकडच्या एकट्या घरात एक विधवा बाई राहायची. शर्टांना काजं-बटणं करून पोट भरायची. घर आपल्या वडिलांचं आहे, असा दावा तिच्या पुतण्याने लावला होता. वाट चिखलाची होती आणि मी नवे बूट घातले होते. एवढंच कारण, बाई. आजारी नव्हतो, घाईत नव्हतो. बूट खराब होतील म्हणून गेलो नाही. हे असंच लिहा, गाळू नका.

वाटेवरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानात बसलो आणि तिथेच अहवाल लिहिला. 'सदर बाईने समन्स घेण्यास नकार दिला, सबब निळ्या रंगाच्या लाकडी दारावर डकवले.' निळा रंग माझ्या मनाचा. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, हे आमच्या खात्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात. पंच म्हणून पंक्चरवाल्याने सही केली, दुसरी त्याच्या गिऱ्हाइकाने. समन्सची प्रत मी फाडली आणि रस्त्याच्या मोरीखालच्या पाण्यात सोडून दिली. घरी वेळेवर जेवलो.

महिन्याने न्यायाधीश मॅडमनी मला पिंजऱ्यात बोलावलं. शपथ दिली. बाईला खरंच कळलं होतं ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. चांगल्या होत्या त्या, दोनदा कोणी विचारत नाही. तेव्हा तरी तोंड उघडायचं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, "मॅडम, तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. नंतर ते उघडलंच नाही." मॅडमनी ते शब्दाला शब्द टिपून घेतलं.

पुढे निकाल झाला, आणि अहवालापासून पाचव्या महिन्यात मलाच ताब्याचं वॉरंट मिळालं. बाईला बाहेर काढून घर पुतण्याच्या हवाली करायचं. दुपारचे तीन वाजले होते. मी, पुतण्या आणि कुलूप असलं तर उघडायला एक किल्लीवाला असे आम्ही चाललो होतो. पुतण्या वाटेत मला कोपराने ढोसून हसला. म्हणाला, तुम्ही कोर्टात दार म्हणालात तेव्हा मला हसू आवरेना. काका सुतार होते, साऱ्या वस्तीची दारं त्यांनी केली, स्वतःच्या घराला चौकट बसवली आणि फळ्या आणायच्या आधीच गेले. काकूने चिंध्या जोडून पडदा शिवलाय, वीस वर्षं तोच आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं खोटं या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं आणि त्याच्या सोयीचं होतं म्हणून तो गप्प होता. मान वर करून चालवेना.

म्हणून दार आधी पुतण्याने पाहिलं. तो थांबला तेव्हा मी वर बघितलं.

दार निळं होतं. लाकडी. नवं नव्हतं, बाई, हे नीट लिहा. रंगाचे पोपडे सुटले होते, खालच्या कडेला शेवाळ धरलं होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. रोपवाटिकेतून ओल्या मातीचा वास येत होता आणि त्यात दुसराही एक वास होता. बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, किल्लीचं भोक नाही. आणि मधोमध समन्स डकवलेलं, अख्खं, उन्हाने पिवळं पडलेलं. खाली माझी सही.

"हे कधी बसवलं..." पुतण्या म्हणाला. कोणाला विचारत होता कोण जाणे.

मी दार वाजवलं. आत काहीतरी जमिनीवरून हळूहळू सरकत आलं.

"कोण आहे...?" म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. अगदी मऊ.

"कोर्टाचा बेलिफ."

"कोर्टाचे...? मला कोणी काही कळवलंच नाही हो. कळवलं असतं तर आले असते. कागद आहेत माझ्याकडे सगळे..."

किल्लीवाला पिशवी उघडता उघडता थांबला होता. त्यालाही ऐकू आलं होतं.

"हे दार कोणी लावलं हो...? मला आतून कडी सापडत नाही."

वकीलबाई, त्या वेळी फक्त चार शब्द बोलायचे होते. काकू, मी आलोच नव्हतो. पुतण्या शेजारी उभा, किल्लीवाला समोर, आणि मला माझ्या नोकरीची लाज आडवी आली. दोघांचे डोळे माझ्यावर होते. मी किल्लीवाल्याला म्हणालो, पहार घाल.

बिजागऱ्या गंजल्या होत्या. दार निघायला अर्धा तास लागला. पहिल्या घावानंतर आतून आवाज आला नाही.

ती उंबऱ्यालगत बसली होती, दाराकडे तोंड करून. डॉक्टरने सांगितलं, जाऊन चार महिने झाले असावेत. म्हणजे मी शपथेवर बोललो त्या सुमारास. शर्ट पोचवणारा माणूस दोनदा येऊन गेला होता, दार बंद बघून बाई गाव सोडून गेल्या असं समजला. मागे एक खिडकी होती, वर, हाताएवढी. मांडीवर घराचे कागद होते, नीट दोरा बांधून ठेवलेले. आणि तिच्या नखांत निळा रंग होता. दहाही बोटांच्या.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बूट, पंक्चरचं दुकान, मोरी. मला वाटलं, नोकरी जाईल, खटला होईल. जाऊ दे, होऊ दे, निदान हिशोबाला लागेल. मॅडमनी पंचांना बोलावलं. दोघांनीही शपथेवर सांगितलं की आम्ही बेलिफसाहेबांबरोबर गेलो होतो, समन्स डकवताना पाहिलं. दार तर पोलिसांच्या पंचनाम्यात होतंच. मॅडम हळूच म्हणाल्या, तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, रजा घ्या. करून सवरून नामानिराळे राहणारे मी कोर्टात पुष्कळ पाहिले. मी ओरडून सांगतोय की मी केलं, आणि मला कोणी आरोपी करत नाही.

त्या संध्याकाळी पंक्चरवाल्याला एकट्याला गाठलं. म्हटलं, बाबा रे, आता कोर्ट नाही, तू आणि मीच आहोत, खरं सांग. मी इथून उठलो होतो का?

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "साहेब, तुम्ही दाराला खळ लावत होता आणि म्हातारी आतून उघडा, उघडा म्हणत होती. मी म्हटलं, बघा की जरा. तुम्ही म्हणालात, राहू दे."

मी हे बोललो नाही. मी तिथे नव्हतो, बाई. हे लिहा, आजच लिहा, आत्ता. कारण थोड्या दिवसांनी मी हे शपथेवर सांगू शकणार नाही.

मला आता आठवायला लागलंय. आधी फक्त खळीचा आंबूस वास यायचा. मग लाकडाचा खडबडीतपणा कळू लागला. कालपासून तर अगदी स्पष्ट आहे. कागद नीट बसावा म्हणून मी तो तळहाताने दाबून धरलाय. आणि पलीकडून, नेमक्या तेवढ्याच जागेवर, कोणाचा तरी हात टेकलाय. तो ऊन आहे.