फळीपलीकडचा शेजार

पलीकडच्या बिऱ्हाडातून विडीचा वास येतो म्हणून सकाळी तुम्ही पोरं भांडायला निघाला होतात ना? भांडा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी दार वाजवावं, ओढणारा माणूस डोळ्यांनी बघावा आणि मग तोंड सोडावं. हसू नकोस विनोदिनी. ती वात जरा वर कर आणि जवळ या सगळे.

हे मी कुठे ऐकलेलं नाही. गंगाधर म्हणून माझ्याबरोबर सांगलीला हळदीच्या पेढीवर कामाला होता. त्याच्यावर आलेली गोष्ट आहे ही. शेवटी शेवटी तर मी स्वतः तिथे होतो.

चव्वेचाळीस साल. लढाई चालू होती. रॉकेलला रांगा, आणि सांगलीत धड जागा मिळणं मुश्किल. गंगाधर तळमजल्याच्या एका खोलीत राहायचा. भिंतींना कायम ओल. त्याच्या बायकोला, शरयूला, दमा होता. ती बिचारी कित्येक रात्री उशीला पाठ लावून बसूनच काढायची. दिवाळी झाली तसा गंगाधर एका दुपारी पेढीवरून लवकर सुटला आणि नवी जागा शोधायला बाहेर पडला.

वाटेत भाऊसो भेटला.

भाऊसो आणि तो बालमित्र. भाऊसोचे वडील सांगलीला व्यापारात, आई लहानपणीच गेलेली. म्हणून पोराला शिकायला फलटणला मामाकडे ठेवलं होतं. गंगाधर तिथलाच. मामीचा हात आखडता. तेव्हा भाऊसो दोन वेळचं जेवला तो गंगाधरच्या आईच्या हातचं. तिने कधी दोघांत फरक केला नाही.

"लेका, मला नाही विचारायचं?" भाऊसो म्हणाला. "नदीकडची माझी माडी रिकामी पडली आहे. वहिनींना मोकळी हवा मिळेल. भाडं तुझ्या मनाने दे."

गंगाधरला आणखी काय हवं होतं! त्याने एवढंच विचारलं, "शेजार कसा आहे?"

"माडीचे दोन भाग आहेत. मध्ये फळ्यांची भिंत. पलीकडे एक म्हातारा असतो, एकटाच. त्याचा जिना मागच्या बोळात उतरतो. तुम्हाला तो दिसायचासुद्धा नाही."

आता वाटतं, तेवढं एक मात्र त्याने खरं सांगितलं.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. शरयू कितीतरी महिन्यांनी आडवी होऊन झोपली. गंगाधर पेढीवर येऊन सांगायचा, मित्र असावा तर असा. मग थंडी पडली, आणि एका संध्याकाळी फळ्यांच्या फटींतून धूर आला. चिलमीचा. उग्र, घशाला चिकटणारा. शरयूला ढास लागली ती थांबेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गंगाधरने जुन्या धोतराच्या चिंध्या करून एकेक फट बुजवली. धूर यायचा तो आलाच.

तो भाऊसोकडे गेला. भाऊसोला फार वाईट वाटलं. "आजच बोलतो त्याला," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जिना चढून वर आला, हातात पेरूंची पिशवी.

"वहिनी, म्हातारा फार ओशाळला हो. म्हणाला, सूनबाईला त्रास होतो हे मला ठाऊकच नव्हतं. हे पेरू तुमच्यासाठी दिलेत त्याने."

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघांनी ते पेरू मीठ लावून खाल्ले.

चार दिवस बरे गेले आणि धूर पुन्हा सुरू झाला. गंगाधर पुन्हा भाऊसोकडे. भाऊसो पुन्हा, "बोललो रे, कमी करतो म्हणालाय." असं किती वेळा झालं त्याला गणती नाही. शेवटी गंगाधरचं डोकं फिरलं. फळीवर मुठी आपटून त्याने म्हाताऱ्याला वाटेल ते सुनावलं.

शरयूने त्याचा हात धरला. "असं नका बोलू. म्हातारं माणूस आहे. मी सांगितलं की विझवतात."

"तू बोलतेस त्याच्याशी?"

"दुपारी तुम्ही नसता ना, तेव्हा. मी म्हणते, आजोबा, जरा विझवा हो. की धूर थांबतो. बोलत नाहीत काही, पण माझं सगळं ऐकतात. मध्येच हुंकार देतात."

आठवड्याभरात बनुबाई दूध घालायला आली, तेव्हा त्याने सहज विचारलं, "पलीकडच्या म्हाताऱ्याकडेही तूच दूध घालतेस का गं?"

"पल्याड?" बनुबाई म्हणाली. "पल्याड कोन ऱ्हातंय? त्या जिन्याला कुलूप हाय की, आवं. मी येतीया तवापासनं बघतीया."

गंगाधर तडक भाऊसोकडे गेला. भाऊसो मोठ्याने हसला. "अरे, म्हातारा खानावळीत जेवतो. जाताना कुलूप घालून जातो. दूधवालीचं काय ऐकतोस?" आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता. म्हणूनच तो परत आला.

पौष महिना. अमावास्येची आदली रात्र. गाव कधीच निजलं होतं. नदीवरून धुकं आलेलं, बोळात माणूस नाही. त्या रात्री धूर फटींतून नाही आला... फळ्यांतूनच झिरपल्यासारखा आला. खोलीतला कंदील पिवळा दिसायला लागला. शरयू उठून बसली. तिला श्वास आत घेता येईना. ओठ काळेनिळे पडले.

गंगाधरने कंदील उचलला आणि खाली धावला. घराला वळसा घालून मागच्या बोळात शिरला.

जिना होता. वर दाराला कुलूप होतं.

कंदील जवळ नेला. कुलूप गंजून कडीला चिकटलेलं. कडीपासून चौकटीपर्यंत कोळिष्टक. जुनं, धुळीने जाड झालेलं.

आणि बोळात धुराचा वास नव्हता. अजिबात नव्हता.

त्याला वाटलं, दुसरं दार असेल. दुसरं दार नव्हतं. मग त्याने दगड घेतला. दोन घावांत कडी निखळली. दार ढकललं.

खोली रिकामी.

एक बाज, सुंभ तुटून लोंबलेलं. जमिनीवर धूळ. धुळीवर पाऊल नाही. एकही नाही. हवा स्वच्छ, थंडगार.

तो आत गेला. फळ्यांच्या भिंतीपाशी उभा राहिला. पलीकडे त्याचंच बिऱ्हाड. शरयूचा श्वास ऐकू येत होता. शिट्टीसारखा. मग ती शिट्टी थोडी थांबली... आणि तिचा आवाज आला. दमलेला, पण अगदी शांत.

"आजोबा... हे आले का हो तुमच्याकडे?"

गंगाधर बोलणार होता. तोंड उघडलं त्याने.

त्याच्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"हूं."

...

कंदील तिथेच पडला. तो परत आपल्या खोलीत कसा आला, शरयूला पाठीवर कसं घेतलं, त्याला काही आठवत नाही. आमचं घर जवळ होतं. दार उघडलं तर हा समोर, आणि पाठीवर ती. तुमच्या काकूने, अनसूयेने, चूल पेटवून पाणी तापवलं, तिला शेक दिला, आल्याचा रस दिला. हळूहळू श्वास खाली बसला. तेव्हा गंगाधर मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर." कुठे, ते मी विचारलं नाही.

भाऊसोने दार उघडलं. आमच्याकडे बघितलं. वहिनी कशा आहेत, हे त्याने विचारलं नाही. इतक्या रात्री का आलात, हेही नाही. तो म्हणाला,

"कुलूप तोडलंस?"

बस्स. गंगाधरचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. धूर, अंधार, तो हुंकार, या कशाने झाला नव्हता तसा झाला तो.

"कोण आहे तो?"

भाऊसो उंबऱ्यावरच बसला.

"बाबा," म्हणाला.

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. वडिलांना क्षय झाला होता. घरात लहान पोरं. म्हणून त्यांना त्या खोलीत ठेवलं. ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायचे आणि मागे फिरायचे. म्हातारा वरून हाका मारायचा, कुणीतरी घटकाभर बसा रे. कुणी गेलं नाही.

"मीसुद्धा नाही," भाऊसो म्हणाला. "ते गेले आणि महिन्याभरात इथे, या घरात, चिलमीचा धूर यायला लागला. धाकट्याच्या पाळण्यापाशी. मग माडीत भाडेकरू आला आणि इथला धूर थांबला. भाडेकरू गेला, की पुन्हा इथे. ते वाईट नाहीत रे गंगा. त्यांना शेजार लागतो. नुसता शेजार."

"म्हणून मला आणलंस. शरयूला दमा आहे, तुला ठाऊक होतं."

"माझी पोरं लहान आहेत, गंगा."

"आणि ते पेरू?"

भाऊसोने मान खाली घातली. "मीच आणले होते."

"ओशाळला म्हणालास. सूनबाई म्हणाला, म्हणालास."

गंगाधरने हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "आई अजून विचारते, भाऊ बरा आहे ना? तिला काय सांगू?"

तेवढ्यात आतल्या खोलीत मूल खोकलं. एकदा. मग सारखं. आणि दारातून तो वास आला. मलाही आला.

भाऊसो ताडकन उठला. मला वाटलं, आत धावेल. तो गंगाधरच्या पायांवर पडला.

"आजची एक रात्र परत जा रे. एवढी रात्र काढ तिथे. उद्या मी दुसरं बिऱ्हाड बघतो..."

गंगाधरने पाय सोडवून घेतले. आम्ही निघालो.

गंगाधरने सांगली सोडली. साताऱ्याला नोकरी धरली आणि गावाबाहेर, किल्ल्याच्या पायथ्याशी एक सुटं घर घेतलं. आजूबाजूला कुणाचं घर नको, ही त्याची अट होती. मित्रही त्याने पुन्हा जोडले नाहीत. मीच काय तो अधूनमधून जातो. शरयूला कोरडी हवा मानवली. धुराचा मागमूस नाही. इकडे भाऊसोच्या घरीही तेव्हापासून कुणाला ठसका लागला नाही, असं कानावर आलं. पोरांचा काय दोष, म्हणून बरंच वाटलं. पण मग तो म्हातारा गेला कुठे, हे माझ्या मनात यायचं.

गेल्या दिवाळीला मी साताऱ्याला गेलो होतो. सकाळी गंगाधर मला घराच्या मागे घेऊन गेला. तिथे शरयूच्या खोलीची भिंत आहे, आणि पुढे नुसता माळ. आदल्या संध्याकाळीच त्याने स्वतः त्या भिंतीला चुना दिला होता. भिंत पांढरी शुभ्र. आणि त्यावर, माणूस मांडी घालून भिंतीला टेकून बसला तर डोकं जिथे येईल तिथे, एक गोल तेलकट डाग. रोज टेकून टेकून पडावा तसा.

मी गंगाधरकडे बघितलं. तो माळाकडे बघत होता.

मी डागाला बोट लावलं...

तेल ओलं होतं.