लंकाबाईच्या घराची चोरी

"ताई, माझं घर चोरीला गेलं," लंकाबाई म्हणाली.

"घरातलं काय गेलं?" खाजगी गुप्तहेर इंद्रायणीने विचारलं.

"घरातलं न्हाई. घर."

मंचरला कचेरी थाटल्यापासून इंद्रायणीकडे म्हशी, मोटारी आणि दोन नवरे हरवल्याच्या तक्रारी आल्या होत्या. घर पहिलंच. तिचा सहायक गेणभाऊ याने वहीत लिहिलं, 'घर, नग एक.'

लंकाबाई पिंपळवंडीत अमृतशेठच्या शेतात राबायची, तिथल्याच पत्र्याच्या घरात राहायची. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, पंधरा दिवस डोंगरातल्या गावी गेली. परतली तर घराच्या जागी कांदा. मालक म्हणाले, तुझं काम सुटलं.

इंद्रायणीने त्या शेतातल्या बांधकामाच्या परवानगीचा कागद वाचला. "जमीन हिरव्या पट्ट्यातली. शेतात एकच घर, तेही राबणाऱ्या मजुराचं. मजूर राहत नसेल तर घर पाडायचं. तपासणी कधी?"

"उद्या. सायेब म्हनलं, घर नव्हतंच, की मी उघड्यावर."

भंगारवाला दादाभाऊ म्हणाला, "म्हैनाभर पत्र्याचा तुकडा न्हाई आला."

शेजारीण मंगल म्हणाली, "वादळ? छ्या! माझी गंजी हालली न्हाई. लंकाच्या कोंबड्यांना मीच दानं टाकते, पर मुक्कामाला थांबतील तर शप्पथ! दिवस कलला की निघाल्या. बाकी मला काय दिसलं न्हाई. मालकाच्या हिरीचं पानी पितो आमी."

अमृतशेठ नव्या बंगल्यापाशी, गाडीच्या शेडखाली भेटले. "दुसरं घर कधी नव्हतंच, राव. हेच मजुराचं घर. बाई इथंच राहायची, कोंबड्यांसकट."

आत बंगल्यात झुंबर लटकत होतं.

उंच गेणभाऊची पांढरी टोपी शेडच्या पत्र्याला घासली आणि काळी झाली. "इकडं पाऊस लई काळा पडतो," तो म्हणाला.

सांजेला परत जाताना कांद्याच्या मधोमध पाच कोंबड्या ओळीने बसलेल्या दिसल्या. गेणभाऊने तीनदा हाकलल्या. तीनदा त्याच जागी परतल्या.

"कांदा आवडतो यांना," गेणभाऊने नोंदवलं.

तपासणीचे साहेब सकाळी येणार होते, म्हणून दिवस मावळताना आले. अमृतशेठनी हौसेने लिहून दिलं: 'बंगला हेच मजुराचं घर. लंकाबाई इथेच राहतात.' सही ठोकली.

"आता शेड बघा, साहेब," इंद्रायणी म्हणाली. "पत्र्याला आतून काजळी आहे. गाडी चुलीवर भाकरी थापत नाही. हे लंकाबाईच्या घराचं छप्पर. भंगारात विकलं असतं तर बोभाटा झाला असता, म्हणून इथेच चढवलं."

"आन् घर व्हतं कुठं?" साहेबांनी विचारलं.

"कोंबडी सांजेला आपल्या खुराड्याकडे वळते. लंकाबाईच्या कोंबड्या बंगल्यात राहत असत्या तर ओसरीवर आल्या असत्या. त्या बघा."

पाचही कोंबड्या कांद्यात बसत होत्या. साहेबांनी तिथे पहार मारायला लावली. ती सारवलेल्या भुईवर टणकन आदळली. चुलीची राखही निघाली.

"एकाच घराची परवानगी," इंद्रायणी म्हणाली. "बंगला कायदेशीर दाखवायचा, तर खरं घर नाहीसं करणं भाग होतं."

अमृतशेठनी विचारलं, "मग आता?"

"लिहिलेलं खोटं असेल तर बंगला पाडतील. खरं असेल तर त्यात मजूर राहायला हवा. कामावर असलेला."

अमृतशेठनी बराच वेळ झुंबराकडे पाहिलं. मग चावी काढून लंकाबाईच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ते आपली खुर्ची न्यायला आले. लंकाबाईने दारातच अडवलं.

"मालक, चपला भाईर काढा. मजुराचं घर हाय."