वाघजाईच्या वाटेवरचे ठसे

"अहो, उठा! ही देवीची वाट हाय, झोपायची जागा नाय!"

हातात खराटा घेऊन मी ओरडले, तेव्हा नुकतं फटफटत होतं. वाघजाईच्या राईत शिरणाऱ्या वाटेवर एक माणूस चक्क पालथा पडला होता. माझ्या आवाजानं तो दचकून उठून बसला. नाकाला माती, चष्म्याला माती, हातात शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी... आणि डोळे? जाऊ दे. डोळ्यांचं नंतर सांगते.

"हळू बोला," तो कुजबुजला, "ठसा मोडेल."

"बोलल्यानं ठसा मोडतो व्हय?"

तो हसला. मी नाही हसले. त्याच्या गुडघ्याजवळ ओल्या मातीत बिबटीचं पाऊल उमटलं होतं, आणि मोजपट्टीवाला माणूस आला की पुढे काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी खराटा फिरवला आणि ठसा पुसून टाकला.

ही गोष्ट त्रेसष्ट सालच्या चैत्रातली. आमची वाडी पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढे डोंगरात. आदल्या वर्षी असाच एकजण आमच्याकडे आला होता. चार दिवस आमच्या भाकऱ्या खाल्ल्या, ठसे मोजले, आणि पाचव्या दिवशी शिकारी बंदुका घेऊन हजर. त्यांनी मारलेल्या बिबटीच्या आचळांतून दूध गळत होतं. तिची पिल्लं ओरडून ओरडून गप्प झाली, ते मी राईच्या कडेला बसून ऐकलं होतं. आता राईत पुन्हा एक बिबटी होती आणि तिला पुन्हा दोन पिल्लं होती. या वेळी मी तसं होऊ देणार नव्हते.

दुपारी घरी आले, तर हा गृहस्थ आमच्याच पडवीत ताक पीत बसलेला! नाव येसाजी, राहणार महाड, शिकायला पुण्याला. माझे वडील, कोंडाजी, त्याची चौकशी करत होते.

"युनिवर्सिटीत काय शिकताव म्हनलात?"

"रानातल्या जनावरांची व्यवस्था. ती किती आहेत, कुठं पाणी पितात, कशी जगतील... नवीनच विषय आहे."

"म्हंजे ढोरांचा डाक्तर म्हना की!" बाबा खूश झाले. त्यांनी लगेच लंगडा बैल पुढे आणला. आणि त्या वेड्यानं खरोखर त्याचा खूर हातात घेतला, त्यातला काटा काढला.

मी आतूनच म्हटलं, "जनावरांची व्यवस्था जनावरं बघतात. तुमची कोन बघतं?"

"सध्या तरी... कोणीच नाही," तो म्हणाला, आणि मला उगाचच ठसका लागला.

तेव्हापासून आमचं युद्ध सुरू झालं. राईतल्या पाण्याकडे जाणारी वाट एकच. संध्याकाळी तो आमच्याच चाळणीनं माती चाळून वाटेवर पसरायचा, म्हणजे रात्री जाणाऱ्या जनावराचं पाऊल नीट उमटावं. पण देवीची वाट सूर्य उगवायच्या आत झाडायची, हा आमच्या वाडीचा रिवाज. घराघराची आठ-आठ दिवसांची पाळी, आणि पाळी होती आमची! मी कंदील घेऊन त्याच्या आधी पोचायचे. आधी ठसे नीट बघून घ्यायचे, आई आणि पिल्लं सुखरूप आहेत ना म्हणून. मग सगळं साफ. देवीच्या कामात बोलायची त्याची छाती नव्हती, आणि रात्री राईत थांबायला बाबांनी त्याला सक्त मनाई केली होती.

"एक दिवस नाही झाडलं तर देवी रागावेल का?" त्यानं एकदा विचारलंच.

"देवीचं माहीत नाय. मी रागवेन."

"मग झाडाच," तो म्हणाला. "तुम्ही रागावलेलं मला परवडायचं नाही."

आमची पाळी संपली तशी मी शेजारच्या चंद्राबाईकाकूची पाळी मागून घेतली. मग ठमाबाईची.

"गो आवडी, एवढी कसली भक्ती गो?" काकू डोळे बारीक करून म्हणाली. "नवऱ्याचा नवस हाय काय?"

मी लाल झाले. कारण आता पहाटे लवकर उठायचं, ते फक्त ठशांसाठी नव्हतं. झाडून झालं की तो धापा टाकत यायचा, रिकाम्या वाटेकडे बघून हसायचा, आणि दगडावर बसून मला काहीबाही सांगायचा. अंजनीची झाडं निळ्या फुलांनी भरलेली असायची, दरीतून धुकं वर यायचं, आणि त्या धुक्यात त्याचा आवाज... मला वाटायचं, सूर्यानं आज जरा उशीर करावा. त्याचे डोळे पिंगट होते. बघताना असे स्थिर व्हायचे, की आपण जगातली एकुलती एक नवलाची गोष्ट आहोत असं वाटावं. लबाड माणसाचे डोळे असे असतात? शिकारीही हरणाकडे असाच बघत असेल, असं मी मनाला बजावायचे. मन ऐकायचं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मी वाट झाडून घरी आले, तर तो पडवीत पत्र लिहीत होता.

"काय लिवताव?"

"सरांना कळवतोय, की एकही ठसा मोजता आला नाही. परवा मुदत संपते. युनिव्हर्सिटीतली माझी जागा जाईल आता." त्यानं वही माझ्यापुढे धरली. तारखा होत्या. पुढे सगळं कोरं. "ती इथं आहे, आवडी. मला माहीत आहे. पण कागदावर ती नाही. आणि जी कागदावर नाही, तिच्यासाठी बंदुका बंद करा असं मी कुणाला सांगू?"

"बंदुका... बंद करायला?"

"मग तुला काय वाटलं होतं?"

मी रडायलाच लागले. गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. ठसे मुद्दाम पुसले, तेही सांगितलं. तो उठून अंगणात गेला.

"एकोणीस दिवस!" तो तिकडूनच म्हणाला. "एकोणीस दिवस, आवडी!"

"लिवा," मी डोळे पुसत म्हटलं.

"काय लिहू?"

"सगलं बघूनच पुसलंय मी. पयला शनवार. आई एकली, वरल्या कड्याकडून आली, पान्यावर गेली. आईतवारी दोन पिल्लं मागं. एक उजवा पाय जरा वाकडा टाकतं..."

तो वळला, धावत आला, आणि लिहीत सुटला. एकोणीस सकाळी मी त्याला सांगितल्या. ऊन पडवीत आलं आणि गेलं. वही भरली, तेव्हा त्यानं लेखणी वर धरली.

"गावाचं नाव लिहितो."

"गाव नका लिवू."

"गावाशिवाय या नोंदी कोण खऱ्या मानणार?"

"आनि कागद बंदूकवाल्यांच्या हाती लागला तर?"

त्याचं सगळं शिक्षण त्या एका शब्दावर होतं, हे मला कळत होतं. मग त्यानं हळूच लेखणीला टोपण घातलं. "नाही लिहीत," तो म्हणाला. मी त्याच्यावर प्रेम करायला लागले होते, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. दुसऱ्या दिवशी तो पोलादपूरला एस.टी. धरायला डोंगर उतरून गेला.

पावसाळा आला. पत्र नाही. मी भाताची लावणी केली, तण काढून बेणणी केली, चूल फुंकली, आणि रोज वाटेकडे बघितलं. भादव्यात डोंगरमाथ्यावरचे सडे सोनकीच्या फुलांनी पिवळे झाले. बांधावर मी गवत कापत होते, तर समोर येसाजी उभा! भिजलेला, रोडावलेला, आणि हसणारा.

"काय झालं परीक्षेचं?" मी नमस्कारही विसरले.

"नापास."

विळा माझ्या हातातून पडला. "माझ्यापायी..."

"तुझ्यापायीच. गाव न सांगितल्यामुळे." तो जवळ आला. "पण सरांनी वही तीनदा वाचली. म्हणाले, इतकं बारीक बघणारा माणूस खोटं लिहिणार नाही. आणखी एक वर्ष देतो, पुन्हा जाऊन बघ. मी म्हटलं, सर, बघणारा मी नाहीच. त्यांनी विचारलं, मग कोण?"

"तुमी काय सांगितलं?"

तो पायाखालच्या गवताकडे बघायला लागला. "सांगून बसलो... माझी होणारी बायको."

वारा पडला होता.

"मास्तरांशी खोटं बोलावं काय वो?" मी कशीबशी म्हणाले.

"खोटं आहे का ते?"

मी विळा उचलला, पदर सारखा केला, आणि घराकडे चालू लागले. तो तिथंच उभा राहिलेला बघून मला थांबावंच लागलं.

"चला ना," मी म्हटलं. "बाबा घरीच हायेत. खरं करून घ्या."